आधार बॅक १७

लाईट गेली की आमच्या कॉलनीत दोनच माणसं अस्वस्थ होतात. एक गिरणीवाला आणि दुसरा झेरॉक्सवाला. गिरणीवाल्याकडे आताशा डबे कमी येतात. झेरॉक्सवाल्याकडे मात्र कायम रांग. दहा बाय आठचं दुकान, काउंटरवर काच, काचेखाली उत्पन्नाच्या दाखल्यापासून नॉन क्रिमीलेअरपर्यंत सगळ्या अर्जांचे नमुने, आणि मागे भिंतीला टेकून एक जुना डेस्कटॉप. त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेलीत, पण दादाची बोटं अंधारातही चुकत नाहीत.

त्या दिवशी मी बाबांच्या कागदांची प्रिंट काढायला गेले होते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यामुळे दुकानात सगळी सत्तरीपुढची मंडळी. दादा लॅमिनेशनमध्ये अडकला होता. म्हणाला, "ताई, तुम्ही पाठवलंय ना व्हॉट्सअ‍ॅपवर? मग डाउनलोडमध्ये असेल. तुमचं तुम्हीच काढा की."

मी स्टुलावर बसले आणि फोल्डर उघडलं.

आधार फ्रंट. आधार बॅक. आधार बॅक १. आधार बॅक २. असं करत करत आधार बॅक १७. पॅन कार्ड नवीन. मार्कशीट फायनल. मार्कशीट फायनल फायनल. सातबारा. लग्नपत्रिका. पुन्हा आधार. कुणाचं बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कुणाचा भाडेकरार, कुणाचं जातपडताळणीचं सगळं बाड. स्क्रोल करत गेले तर तळच लागेना. अख्खी कॉलनी त्या फोल्डरमध्ये राहायला आली होती, आणि दाराला कडी नव्हती. बाबांची फाईल कुठली ते नावावरून कळेना, म्हणून त्या वेळेच्या आसपासची एक उघडली. 'स्कॅन ००४'.

ती बाबांची नव्हती. एका पॅथॉलॉजी लॅबचा कागद होता. वर नाव, वय, स्त्री. आमच्याच जिन्यातल्या, पहिल्या मजल्यावरच्या वहिनी. मी लगेच बंद करायला हवी होती. पण वाचता येणाऱ्या माणसाचा शापच हा, की डोळ्यांसमोर आलेलं न वाचणं त्याला जमत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट होता. शेवटची ओळ ठळक टाईपात होती.

"सापडलं का?" दादानं विचारलं.

"नाही," म्हटलं. "तुम्हीच बघा."

घरी येताना जिन्यात वहिनी भेटल्या. हातात मेथीची जुडी. "काय गं, झेरॉक्सला गेली होतीस?" त्यांनी विचारलं. मी "हो, बाबांचं काम" म्हटलं आणि चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले.

*

बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क होते. छत्तीस वर्षं कागदात घालवलेला माणूस. त्यांची एक सवय आहे. कुठल्याही कागदाची झेरॉक्स द्यायची वेळ आली की ते पेन काढतात, कागदावर दोन तिरप्या रेघा मारतात आणि मधल्या जागेत लिहितात, "फक्त गॅस कनेक्शनसाठी". खाली सही आणि तारीख. सिमकार्ड घेताना "फक्त सिमकार्डसाठी". एकदा कुठल्याशा लॉजच्या काउंटरवर त्यांनी "फक्त एक रात्र मुक्कामासाठी" असं लिहिलं, तेव्हा मी लाजेनं बाजूला जाऊन उभी राहिले होते. मागे पाच माणसं ताटकळलेली आणि बाबांचं आपलं सुवाच्य अक्षरात चाललेलं.

पुढे कधीतरी डेटा संरक्षणाच्या कायद्यावर वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की जगभरचे कायदे मोठमोठे शब्द वापरून जे म्हणतात ते हेच. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा, काम संपलं की पुसून टाका. बाबांनी ते दोन तिरप्या रेघांमध्ये बसवलं होतं. त्यांच्या पिढीतले किती तरी लोक हे करायचे, अजूनही करतात. कुणी कायदा शिकवला नव्हता. कागद हातातून सुटला की तो कुठे जाईल याचा भरवसा नाही, एवढा अनुभव पुरेसा होता.

भरवसा नाहीच. गणपती मंदिराबाहेर भेळ खाताना हातातला पुडा उलगडून बघायची मला खोड आहे. एकदा त्यात कुणाच्या तरी बारावीच्या गुणपत्रिकेची फसलेली झेरॉक्स निघाली. गणितात ४१. चिंचेच्या पाण्यानं नाव पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं.

बाबांच्या रेघा पीडीएफवर मारता येत नाहीत. म्हणजे येतात, पण कोण मारतं? फोनमध्ये आधारची फाईल कायम तयार असते, कुणी मागितली की अंगठ्यानं ढकलायची. हॉटेलवाला, घरमालक, मुलाचा क्लास, नवीन कामवाल्या मावशींसाठी सोसायटीचा ऑफिसवाला. आपण पाठवतो आणि विसरतो. तिकडे ती फाईल 'आधार बॅक १८' होऊन बसते.

मे २०२२ मधली एक गंमत मला आठवते. गंमत म्हणायची, दुसरं काय. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं एक सूचना काढली. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. हॉटेलं, सिनेमागृहं यांना आधारच्या प्रती गोळा करायचा अधिकार नाही. आणि सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर आधार डाउनलोड केलंत, तर सगळ्या प्रती तिथून कायमच्या पुसा. वाचून मी बाबांना म्हटलं, "बघा, तुमचंच म्हणणं आहे." दोन दिवसांत सरकारनं ती सूचना मागे घेतली. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे. नेहमीचं तारतम्य बाळगा, बस्स. बाबा म्हणाले, "तारतम्य असतं तर सूचना कशाला लागली असती?"

*

'प्रायव्हसी' या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही अशी तक्रार मी अनेकदा ऐकलीय. गोपनीयता म्हटलं की कपाटातली फाईल आणि निवडणुकीतलं मतदान आठवतं. एकांत म्हटला की नदीकाठ. मला स्वतःला 'खासगी' हा शब्द आवडतो, आणि तो आपण वाया घालवला असं वाटतं. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी असे दोन निराळे हिशेब असत. दौलत राज्याची, खासगी राणीच्या हातातली. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली ती या खासगीतून, असं सांगतात. त्या खासगीत लपवण्यासारखं काही नव्हतं, उलट सगळ्या जगाला दिसेल असं दगडी बांधकाम होतं. फक्त कुलपाची किल्ली कुणाकडे, एवढाच प्रश्न होता.

आता कुणी "माझं खासगी आहे" म्हणालं, की समोरच्याच्या भुवया वर जातात. काय लपवतेस? लपवण्यासारखं नसेल तर दाखवायला काय हरकत आहे? हा प्रश्न घरातल्या सासूपासून सुप्रीम कोर्टातल्या सरकारी वकिलापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय.

कोर्टातली गोष्ट तर फार जुनी. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा संशय होता. पुरावा नाही म्हणून सुटला. पण पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली आणि रात्री-अपरात्री येऊन दार ठोठवायला लागले. हा आत झोपलाय का, एवढं बघायला. तो कोर्टात गेला. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं हे रात्रीचं दार ठोठावणं रद्द केलं, पण त्याच निकालात बहुमतानं असंही म्हटलं, की खासगीपणाचा म्हणून काही हक्क आपल्या घटनेत नाही. म्हणजे दार वाजवू नका, पण दाराआडचं त्याचं असं काही नाही. मला हे वाचून फार मराठी घर आठवलं.

ते पुसायला २०१७ उजाडलं. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारविरुद्ध २०१२ मध्ये त्यांनी याचिका केली तेव्हा वय ८६. या वयात आमच्याकडे माणसं आधार दुरुस्त करायला सुद्धा रांगेत उभी राहायला कंटाळतात. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातले एक नागपूरचे शरद बोबडे. दुसरे धनंजय चंद्रचूड. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टात येता येणार नाही असं ज्या निकालानं म्हटलं, त्याच्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी मुलानं वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहून ठेवलं. बाप-लेकाचं असं भांडण मराठी घरात सहसा जेवणाच्या ताटावर होतं. हे कायद्याच्या पुस्तकात झालं.

त्या निकालातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो एक युक्तिवाद, आणि त्याला मिळालेलं उत्तर. सरकारच्या बाजूनं म्हटलं गेलं होतं, की खासगीपणा ही उच्चभ्रूंची चैन आहे, गरिबाला भाकरी हवी. न्यायालयानं हे साफ नाकारलं. हे नाकारायला पुस्तकं वाचावी लागतात असं नाही, आमच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे. जितकं उत्पन्न कमी, तितके कागद जास्त. ज्याला शिष्यवृत्ती हवी त्यानं जात दाखवायची, बापाचं उत्पन्न दाखवायचं. जिला निराधार पेन्शन हवी तिनं नवरा मेल्याचा दाखला दाखवायचा. माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याला वर्षानुवर्षं कुणापुढे अशी ओंजळ उघडावी लागलेली नाही. फोल्डरमध्ये सगळ्यात जास्त फाईली कुणाच्या होत्या हे मला त्या दिवशी नावं वाचून कळलं. माझी भांडी घासणाऱ्या मावशींच्या अकरा होत्या.

२०१८ मध्ये त्याच कोर्टानं बँक खातं आणि सिमकार्डाला आधार जोडायची सक्ती काढून टाकली. पॅनची ठेवली. काउंटरवर यातलं काही पोचलं नाही. तिथे आजही "आधार आणलंय का?" हाच नमस्कार आहे.

*

डेटा संरक्षणाचा कायदा यायला पुढे पाच-सहा वर्षं गेली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये मसुदा दिला, २०१९ मध्ये विधेयक आलं, ते २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा, आटोपशीर कायदा मंजूर झाला. नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत.

मी तो वाचला. चष्मा लावून, दोन रविवार. आवडल्या त्या गोष्टी आधी सांगते. आपली माहिती जो गोळा करतो त्याला या कायद्यानं दिलेलं नाव विश्वस्ताच्या अर्थाचं आहे. मालक नाही, ठेव सांभाळणारा. संमती मागताना ती आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार, म्हणजे मराठीतसुद्धा. हलगर्जीपणानं माहिती फुटली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आणि नागरिकासाठी या कायद्यात सर्वनाम वापरलंय ते 'ती'. देशात पहिल्यांदाच, असं त्याचं कौतुक झालं. मी मनात म्हटलं, आमच्याकडे 'व्यक्ती' हा शब्द पहिल्यापासूनच स्त्रीलिंगी आहे, त्यानं काही फरक पडल्याचं ऐकिवात नाही.

आता न आवडलेल्या. सरकार आपल्याच यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळं करू शकतं. सर्वांत जास्त माहिती ज्याच्याकडे, त्यालाच पळवाट. दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण मी क्लार्कची मुलगी आहे. याच कायद्याच्या शेपटाला माहिती अधिकारातलं एक कलम बदललंय. आधी एखाद्या अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा तिनं खासगीपणावर विनाकारण घाला पडतो, हे बघावं लागे, आणि जनहित मोठं असेल तर ती द्यावी लागे. आता 'वैयक्तिक आहे' एवढं त्या कलमाखाली पुरतं. जनहिताची एक तरतूद कायद्यात दुसरीकडे शिल्लक आहे, पण मागणाऱ्याला आता लांबच्या वाटेनं जावं लागणार. आमच्या महाराष्ट्रात लोकांनी उपोषणं करून हा हक्क मिळवला होता, केंद्राच्या कायद्याआधी इथे राज्याचा कायदा होता. रोजगार हमीच्या हजेरीपटावर कुणाकुणाची नावं खोटी आहेत हे बघायचं म्हणजे नावंच बघावी लागणार ना. बाबांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की काही नाही. म्हणाले, "साहेबाचं खासगी पहिल्यांदा सुरक्षित झालं म्हणायचं."

आणि तिसरी गोष्ट अशी, की हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. भेळेच्या पुड्यातलं गणित त्यात बसत नाही.

*

माझ्या आजोळी, मिरजेजवळच्या खेड्यात, पोस्टकार्डं यायची. उघडं कार्ड, पोस्टमन वाचणार, शाळेतला शिपाई वाचणार, आजीला वाचता येत नव्हतं म्हणून शेजारचा बंडूही वाचणार. कुणी गेल्याची बातमी असली तर कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. ते लांबून दिसायचं. पोस्टमन अशा दिवशी सायकलची घंटी वाजवत नसे. मुकाट्यानं यायचा, आजोबांना हाक मारून बाजूला घ्यायचा, कार्ड हातात द्यायचा आणि पाणी न पिता निघून जायचा. त्याला सगळं माहीत असायचं. आमच्या मामीचं माहेर का तुटलं हे आम्हाला कळायच्या आधी त्याला कळलं होतं. मरेपर्यंत बोलला नाही.

गावात काही लपत नव्हतं असं म्हणतात, ते खरंच आहे. भिंती मातीच्या, दारं उघडी. पण कळूनही न कळल्यासारखं करायची एक रीत होती. पाळणारे पाळत, न पाळणारे चव्हाट्यावर मांडत, आणि तसल्यांना गाव ओळखून असे. ती रीत बायकांच्या बाबतीत फार तोकडी होती हेही सांगायला हवं. विधवेच्या पदरात काय आहे हे सगळ्यांना मोजायचं असायचं. म्हणून जुन्या गावाचे गोडवे मला गाता येत नाहीत. पण पोस्टमनची ती न वाजलेली घंटी मात्र मला कायद्याच्या कुठल्याही कलमापेक्षा नीट आठवते.

डेस्कटॉपला मिठाची गुळणी धरता येत नाही. तो काही बोलतही नाही म्हणा, पण विसरतही नाही, आणि जो समोर बसेल त्याला सगळं सारख्याच तत्परतेनं दाखवतो. मला दाखवलं, उद्या दुसऱ्या कुणाला दाखवेल. आणि आपणच आता त्याच्यासारखे झालोय की काय कोण जाणे. दुकानात बिल करताना पोरगी "मोबाइल नंबर सांगा" म्हणते आणि आई खणखणीत आवाजात दहाच्या दहा आकडे सांगते. मागच्या रांगेतल्या सगळ्यांना पाठ होतील असे. ग्राहक मंत्रालयानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय, की नंबरसाठी अडवू नका. आईला सांगितलं तर म्हणाली, "ती बिचारी विचारते, नाही कसं म्हणायचं?" मग तिथेच काउंटरवर ओटीपीही वाचून दाखवते. संमती-संमती म्हणतात ती आमच्याकडे अशी दिली जाते. मागून कुणीतरी "आवरा काकू" म्हणत असताना, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

मी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात गेले, गर्दी नसताना. दादाला म्हटलं, "ते डाउनलोडचं फोल्डर रिकामं करत जा हो." तो आधी हसला. "ताई, लोक परत येतात. म्हणतात, मागच्या महिन्यात दिलेलं आधार असेल ना तुमच्याकडे, काढा की त्यातलं. पुसलं तर मलाच शिव्या." हे मला सुचलंच नव्हतं. कॉलनीनंच त्याला आपली ट्रंक करून टाकलं होतं. शेवटी तो म्हणाला, दवाखान्याचे कागद तेवढे लगेच पुसत जाईन. का म्हणाला, ते मी विचारलं नाही. त्यालाही काही माहीत असेल. माझ्या देखत त्यानं 'स्कॅन' नावाच्या सगळ्या फाईली निवडल्या, डिलीट केल्या, मग रिसायकल बिनही रिकामी केली. कागद चुरगळल्यासारखा आवाज आला.

वहिनी महिनाभर लेकीकडे पुण्याला जाऊन आल्या. जाताना "हवापालट" म्हणाल्या होत्या. मी "बरं होईल, इथे नुसता धुरळा" म्हटलं होतं. परत आल्या तेव्हा डोक्याला स्कार्फ होता. थंडीचे दिवस होते, कुणी काही विचारलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी बेल वाजवली. आत आल्या, दार स्वतःच लोटून घेतलं, आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. मी तीळ भाजत होते.

"तुला एक सांगायचंय," म्हणाल्या. "अजून कॉलनीत कुणालाच माहीत नाही. तुलाच पहिली सांगतेय."

मी गॅस बारीक केला, उलथणं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे तोंड केलं. "काय हो वहिनी?" मी विचारलं.